न वाचलेला हरकतअर्ज

ड्रमहॅली,
१२ ऑगस्ट १९६८

प्रिय भगिनी डीलिया हिस,

माझी प्रकृती ठीक आहे. तुझ्या गुडघ्याचे काय झाले ते मागच्या पत्रात तू लिहिले नाहीस; ते कळवावे. यापुढील मजकूर मी संतापाने लिहीत आहे, परंतु अक्षर बिघडू दिलेले नाही.

काल आपल्या पॅरिशच्या सोळा वर्षांखालील मुलांनी गेलिक फुटबॉलच्या जिल्हा चषकाचा उपांत्य सामना खेळला. मी छत्तीस वर्षे या क्लबचा चिटणीस आहे आणि या छत्तीस वर्षांत आपली पोरे इथवर कधी पोहोचली नव्हती. सबंध पॅरिशमध्ये, चर्चच्या हद्दीतील सर्व वस्त्या धरून, त्या वयाची सोळा मुले आहेत. पंधरा मैदानात आणि एक बाकावर, आणि बाकावरच्याला दमा आहे. येत्या वसंतात त्यांतील पाच जण कामासाठी इंग्लंडला जातील, म्हणजे पुढच्या वर्षी संघच उभा राहणार नाही. तेव्हा या मुलांच्या वाट्याला जे काही यायचे होते ते याच वर्षी यायचे होते.

आम्ही एका गुणाने हरलो. हरल्याचा मला राग नाही. किलब्रॅकचे दोन्ही गोल ज्या मुलाने केले त्याचा आहे. त्याचे नाव पंचाच्या यादीत कीरन लूबी, वय पंधरा, असे लिहिले होते. मी मध्यंतरात त्याच्या हाताच्या अंतरावर उभा होतो. त्याच्या हनुवटीखाली वस्तऱ्याची जखम होती, ताजी. पंधरा वर्षांचा मुलगा चषकाच्या सामन्यासाठी दाढी करून येत नाही. तो करतोच, तर लपवण्यासाठी करतो.

आपला पॅकी डर्निन तुला आठवत असेल, बेकरीची गाडी चालवतो तो. या मुलांना तोच शिकवतो, तीन वर्षे, मंगळवारी आणि गुरुवारी, पावसात सुद्धा. आज सकाळी किलब्रॅकमध्ये पाव वाटताना त्याने त्या मुलाच्या आत्याकडून सहज बोलता बोलता काढून घेतले. खेळला तो कीरन नव्हेच, त्याचा थोरला भाऊ डर्मट. वय साडेसतरा. कीरन घरी पाय मोडून बसला आहे. दुपारपर्यंत पॅकीने फादरांकडून डर्मटच्या बाप्तिस्म्याचा दाखलाही आणला.

हरकतअर्ज तीन दिवसांच्या आत जिल्हा चिटणिसाच्या हाती पडावा लागतो. मी तो आजच लिहिला. दोन पृष्ठे, एकही खाडाखोड नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले हे जिल्ह्यातील सर्वांना ठाऊक आहे. हा अर्ज वाचताना त्यांना ते विसरावे लागेल. तू नाताळला पाठवलेल्या पेटीतील जाड, मलईसारखा कागद मी अशाच प्रसंगासाठी राखून ठेवला होता; हे पत्रही त्यावरच आहे. पॅकी अर्ज गाडीतून स्वतः पोहोचवणार आहे.

देव तुला व तुझे पती टॉम यांना सुखरूप ठेवो.

तुझा थोरला भाऊ,
मॅलकी गिलरेन

◆

कॉव्हेंट्री,
१७ ऑगस्ट

दादा,

गुडघा आहे तिथंच आहे, आणि दुखतोय. आता त्याचं पुन्हा विचारू नकोस.

अक्षर बिघडू दिलं नाही म्हणतोस, पण "वस्तऱ्याची" या शब्दापाशी तुझी निब कागदातून आरपार गेलीय. टॉमने भोकातून माझ्याकडे बघून दाखवलं. तो म्हणतो, तुझा भाऊ लिहीत नाही, कोरतो.

पण राग बरोबर आहे तुझा. दुसऱ्याच्या नावाने खेळायचं म्हणजे काय, आणि तेही दमेकरी पोराला बाकावर बसवून आलेल्या पॅरिशपुढे. चांगला कागद वापरलास ते छान केलंस. बघू देत त्यांना. ड्रमहॅलीवाले म्हणजे दलदलीतून वर आलेले, असं ते आपल्या लहानपणापासून समजतात. तो कागद इथल्या मोठ्या दुकानातला आहे, मी दरवर्षी रांगेत उभी राहून घेते. त्यावरचं पत्र कुणी बाजूला टाकणार नाही.

निकाल लागला की लगेच कळव. अंतिम सामन्याला टॉमला सुट्टी मिळाली तर आम्ही बोटीने येऊच. पॅकीला सांग, मला त्याची आई आठवते, शाळेत माझ्या वेण्या बाकाला बांधायची.

डीलिया

◆

ड्रमहॅली,
२१ ऑगस्ट

प्रिय भगिनी,

बोटीची तिकिटे काढू नयेत.

काल संध्याकाळी जिल्हा समितीपुढे सुनावणी झाली. मी काळा कोट घालून गेलो होतो. टेबलामागे सात जण बसले होते. त्यांतील चौघांना मी त्यांच्या बापांपासून ओळखतो. अध्यक्षांनी माझा अर्ज पाकिटातून काढला, दोन्ही पृष्ठे एकेक करून हाती घेतली आणि टेबलावर पालथी ठेवली. ते म्हणाले, अर्ज नियमबाह्य आहे, म्हणून तो वाचता येत नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्याचे पाकीट उघडलेसुद्धा नाही. किलब्रॅकचा चिटणीस शेजारीच बसला होता. त्याने माझ्याकडे न पाहता छताकडे पाहिले, आणि छत पाहण्याजोगे मुळीच नाही.

मी विचारले, त्या मुलाचे वय साडेसतरा आहे की नाही, एवढे तरी समिती सांगेल काय. अध्यक्ष म्हणाले, "मॅलकी, वयाचा प्रश्न आमच्यापुढे आलेलाच नाही." म्हणजे सातही जणांना ते वय ठाऊक होते, आणि सातही जण ते ठाऊक नसल्यासारखे बसले होते. मी आयुष्यभर या खेळाच्या संघटनेची पत्रे लिहिली. मैदानाच्या रेघा चुन्याने आखल्या. माझ्या तोंडावर माझाच अर्ज पालथा ठेवायला त्यांना दोन मिनिटे लागली.

ज्या कारणाने तो फेटाळला, त्या कारणाची योग्यता या कागदावर उतरण्याची नाही, म्हणून मी ते लिहीत नाही.

बाहेर मुले आणि त्यांचे आईबाप उभे होते. पॅकीने विचारले, काय झाले. मी म्हणालो, अर्ज नियमात बसला नाही. एवढेच म्हणालो. पॅकीने अर्ज शेवटच्या दिवशी, बुधवारी, सहाला वीस मिनिटे असताना पोहोचवला होता, कारण वाटेत त्याच्या गाडीचे चाक पंक्चर झाले. हे सर्वांना आधीच ठाऊक होते. पुढे कोणी काय समजावे हे मी ठरवू शकत नाही.

मॅलकी गिलरेन

◆

ड्रमहॅली,
१० सप्टेंबर

प्रिय भगिनी,

तुझी दोन्ही पत्रे पोहोचली. उत्तराला विलंब झाला, कारण लिहिण्यासारखे काही नव्हते. आता आहे, आणि तेही लिहिण्यासारखे नाही.

परवा किलब्रॅकने अंतिम सामना जिंकला. मी गेलो नाही. वृत्तपत्रात छायाचित्र आले आहे. त्यात चषक हातात धरून मधोमध तो साडेसतरा वर्षांचा कीरन उभा आहे, आणि आता त्याला मिशीही दिसते. खाली छापले आहे, जिल्ह्यातील उगवते तारे. आपला कर्णधार यूनन स्कॉलन तो अंक घेऊन माझ्याकडे आला, माझ्या स्वयंपाकघरात उभ्याने एक कप चहा प्यायला आणि गेला. मला वाटते, शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

दुसरी गोष्ट. पॅकी डर्निनने बेकरीची नोकरी सोडली आणि गेल्या शनिवारी तो बोटीने इंग्लंडला गेला. या गावातील लोकांविषयी माझे मत कधीच फार चांगले नव्हते, पण इतके वाईटही नव्हते. रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर त्याच्याशी कोणी बोलेना. दोन घरांनी त्याच्याकडून पाव घेणे बंद केले, जणू पावही उशिरा आला होता. त्याच्या गाडीच्या मागच्या दारावर कोणीतरी खडूने "उशीर" असे लिहिले. त्याने ते पुसले नाही, तीन दिवस तसेच घेऊन फिरला. ज्या माणसाने तीन वर्षे यांच्या पोरांना पावसात पळवले, त्याच्याशी हे लोक असे वागले, याचा मला अत्यंत संताप आला आहे.

लोकांनी त्याला काय म्हटले, त्यास मी जबाबदार नाही.

मंगळवारचा सराव बंद आहे. मैदानात स्कॉलनांची गाढवे चरतात.

मॅलकी गिलरेन

◆

कॉव्हेंट्री,
२२ सप्टेंबर

दादा,

हे पत्र बसून वाच.

गेल्या रविवारी दारावर थाप पडली. बघते तर पॅकी डर्निन. टोपी हातात, बुटांना सिमेंट. इथे बांधकामावर लागलाय, चर्चमध्ये कुणाकडून तरी माझा पत्ता मिळाला. मी त्याला बेकन, कोबी आणि बटाटे वाढले. तीन माणसांचं जेवला आणि मग सांगायला लागला.

म्हणाला, "डीलियामावशी, मी बुधवारी दिला होता हो अर्ज. पावणेसहाच्या आत. जिल्हा चिटणिसाच्या बायकोने दारात घेतला. पण तीन दिवस म्हणजे किती वाजेपर्यंत, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

मी विचारलं, उशीर झाला असं तुला कुणी सांगितलं. तर म्हणाला, "सांगितलं कुणी नाही. मॅलकीकाका बाहेर आले, म्हणाले नियमात बसला नाही, आणि माझ्याकडे बघितलं."

तो माणूस अजूनही हिशेब करतोय, दादा. चाक बदलायला किती मिनिटं गेली, वाटेत कुणाशी उगाच बोललो का. माझ्या स्वयंपाकघरात बसून तो ते पंक्चर पुन्हा काढत होता.

तो गेल्यावर मी तुझी पत्रं काढली. "कारणाची योग्यता या कागदावर उतरण्याची नाही." मी तीन वेळा वाचलं. मग भांडी घासताना मला पस्तीस साल आठवलं, हातातलं ताट तसंच ठेवलं आणि तुझं पत्र खिडकीशी उजेडाला धरलं.

आत मुकुट आहे. मुकुट, आणि त्याखाली इंग्लंडच्या गिरणीचं नाव. नुसत्या नजरेला दिसत नाही, उजेडाला धरलं की साखरेसारखं स्वच्छ दिसतं.

उशीर झालाच नव्हता. इंग्रजांचं काही नको म्हणून संघटनेला दिलेला अर्ज आयर्लंडात बनलेल्या कागदावरच पाहिजे, हा नियम. अध्यक्षाने तुझी पानं "एकेक करून हाती घेतली" असं लिहिलंस. हाती घेतली नाहीत ती, दिव्याला धरली. बरोबर?

आणि हा नियम तुला माहीत नव्हता असं म्हणू नकोस. पस्तीस साली टलरोच्या क्लबने आपल्यावर अशीच वयाची हरकत घेतली होती. खरी होती, आपला गोलकीपर तेव्हा दोन पोरांचा बाप होता. समितीत तूच उठून त्यांचा कागद दिव्याला धरलास, आत लंडनची छाप दाखवलीस आणि अर्ज उडवलास. मी तेव्हा घरी होते. तू महिनाभर हसत होतास. पालथ्या पानाची नक्कल करून दाखवायचास. टलरोचा तो चिटणीस मरेपर्यंत तुझ्याशी बोलला नाही, आणि तू म्हणायचास, बोलेल कसा, त्याच्याकडे कागद कुठाय.

कागद मी पाठवला, तेव्हा माझीही चूक आहे म्हण हवं तर. म्हण. मला चालेल. पण किलब्रॅकने एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने उभं केलं म्हणून तू पेटलास ना? मग तुझी चूक तू दुसऱ्याच्या नावावर कशी घातलीस?

मी पॅकीला काही सांगितलेलं नाही. ते तुझं काम आहे.

डीलिया

◆

ड्रमहॅली,
२७ सप्टेंबर

भगिनी,

तुझे पत्र मिळाले. त्यातील भाषा थोरल्या भावास लिहिण्याची नव्हे, याची नोंद घेतली आहे.

मी खोटे बोललेलो नाही. मी एक वाक्य बोललो, आणि ते खरे होते.

हा नियम मूर्खपणाचा आहे. एका मुलाचे वय कागदाच्या गिरणीवरून ठरत नाही. तो मूर्खपणाचा आहे हे मी समितीला सांगितले असते, परंतु १९३५ सालच्या नोंदवहीत त्याच्या बाजूने केलेले भाषण माझे आहे, आणि ते अध्यक्षांनी मला तिथे वाचून दाखवले. माझ्याच अक्षरातून. ही गोष्ट तुझ्या खिडकीत दिसली नसेल, म्हणून कळवीत आहे.

क्लबची वार्षिक सभा रविवार, १३ ऑक्टोबर रोजी मिस्सानंतर शाळेच्या खोलीत आहे. पॅकीने यावे असे त्याला सांग. बोटीचे तिकीट सोबत जोडले आहे. का बोलावले ते सांगू नकोस. तू म्हणतेस ते काम माझे आहे, तर ते मी करीन, आणि मला शिकवण्याची आवश्यकता नाही.

मॅ. गिलरेन

◆

ड्रमहॅली,
१५ ऑक्टोबर

प्रिय भगिनी डीलिया हिस,

या पत्राचा कागद पाहून तुला वाईट वाटेल. शाई फुटते आणि प्रत्येक अक्षराला केस आल्यासारखे दिसतात. हा आयर्लंडात बनलेला कागद आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतला. का घेतला ते पुढे येईल.

सभेला खोली भरली होती. पॅकी मागे दाराशी, निघून जायला सोपे पडावे अशा जागी उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती, आणि त्या खोलीत बाकी कोठेही हातभर जागा नव्हती. मी उठलो. भाषण लिहून नेले होते, ते खिशातून काढलेच नाही. मी सांगितले, अर्ज वेळेवर पोहोचला होता. अध्यक्षांनी तो दिव्याला धरून, वाचता येत नाही म्हणून, पालथा ठेवला तो माझ्या कागदामुळे. कागद इंग्लंडचा होता, नियम मला ठाऊक होता, आणि चांगल्या कागदाच्या अभिमानात मला तो आठवला नाही. बाहेर आल्यावर मी पॅकीकडे पाहिले. ते पाहणे हेतुपुरस्सर होते, आणि नंतर चोपन्न दिवस मी ते तसेच राहू दिले.

मग यूननची आई, नॅन स्कॉलन, बसल्या जागेवरून म्हणाली, "चोपन्न दिवस, मॅलकी. आणि मी त्या माणसाचा पाव परत पाठवत होते." ती माझ्यावर रागावली की स्वतःवर, ते मला कळले नाही. बहुधा तिलाही कळले नसावे. दुसरा एक जण म्हणाला की नियमच फालतू आहे. मी त्याला खाली बसवले. नियमाला फालतू म्हणण्याचा अधिकार त्या खोलीत इतर सर्वांना होता, माझ्या बाजूने बोलणाऱ्यांना मात्र नव्हता.

त्यानंतर मी माझा राजीनामा टेबलावर ठेवला. छत्तीस वर्षांचा राजीनामा असल्यामुळे तो नीट लिहिला होता.

पॅकी दारापासून पुढे आला. त्याने तो कागद उचलला, खिडकीपाशी गेला, उजेडाला धरला, उलटा करून पुन्हा धरला. मग तो जिल्हा अध्यक्षांच्या आवाजात म्हणाला, "मॅलकी, आत मुकुट आहे. हा नियमबाह्य आहे. वाचता येत नाही." आणि टेबलावर पालथा ठेवला.

लोक इतके हसले की गाढवे मैदानातून पळाली असे यूनन सांगतो. मला हसू आले नाही. बहात्तर वर्षांच्या माणसाला त्याचा राजीनामाही देऊ देत नाहीत, ही मानहानी आहे, आणि तसे मी बोललो. पॅकी म्हणाला, "काका, मला चाकाचा हिशेब करून करून झोप नव्हती. तुम्ही एवढ्यावर सुटता. बसा आता." मी बसलो. तो माझ्याशी अजून पूर्वीसारखा बोलत नाही. बोलावे अशी माझी अपेक्षाही नाही. परंतु बेकरीने त्याला परत घेतले, आणि मंगळवारी सराव लावला आहे. सोळा वर्षांखालील संघ होत नाही, तो चौदा वर्षांखालील करणार आहे. अकरा मुले आहेत, आणखी चार जन्मतारखेसकट शोधायची आहेत.

सभा संपत आली तेव्हा यूनन उभा राहिला. तो फेब्रुवारीत तुमच्याकडे कॉव्हेंट्रीला येत आहे, त्याला जेवायला बोलव. तो म्हणाला, "मॅलकीकाका, तो अर्ज कोणी वाचलाच नाही ना? त्यात काय लिहिलं होतं आमच्याविषयी?"

समितीने तो मला परत दिला होता आणि तो माझ्या कोटातच होता. मी उभा राहिलो आणि दोन्ही पृष्ठे वाचली. सामन्याची तारीख, मैदान, पंचाचे नाव, गुण. डर्मट लूबीचे वय, दाखल्याच्या क्रमांकासह. दुसऱ्या पृष्ठावर मी पंधराही मुलांची नावे आणि जन्मतारखा लिहिल्या होत्या, आणि सोळावे नाव दमेकरी ओवेनचे, कारण तो खेळला नसला तरी पात्र होता. प्रत्येक नावाला तो तो मुलगा मान वर करीत होता, शाळेत हजेरी घेतात तसा. यूनन शेवटी "आहे" म्हणाला, अगदी हळू. मग बाकीच्यांनीही म्हटले. ओवेनने सर्वांत मोठ्याने म्हटले आणि त्याला खोकला आला.

वाचून झाल्यावर काय करावे ते मला सुचेना. मी अर्ज घडी करून यूननला दिला. चषक नाही, तर कागद तरी. त्याने तो उजेडाला धरून पाहिला नाही.

राजीनामा नियमानुसार पुन्हा लिहिण्यासाठी हा कागद आणला. तीन वेळा बसलो. यावर लिहिलेला राजीनामा कोणाच्याही हाती देण्याजोगा दिसत नाही, तेव्हा ते काम तूर्त तहकूब ठेवले आहे. नाताळची पेटी नेहमीप्रमाणे पाठवावी. ती फक्त तुला लिहिण्यासाठी वापरीन.

तुझा थोरला भाऊ,
मॅलकी गिलरेन,
चिटणीस